शके १८३२ चं झालं इ.स. १८३२: डिजिटल संग्रहासाठी मेटाडेटाचं मानक ठरवताना या चुका टाळा

आमच्या बडोद्यातल्या वाचनालयाच्या डिजिटल संग्रहात वर्षानुसार यादी लावली की सगळ्यात वर एक मराठी पुस्तक यायचं. वर्ष १८३२, प्रकाशनस्थळ बडोदा. एवढं जुनं! दांडिया बाजारातले एक आजोबा मुद्दाम बघायला आले. पान उलटलं तर अर्पणपत्रिका श्रीमंत सयाजीराव महाराजांना, आणि महाराजांचा जन्म १८६३ चा. आजोबांनी चष्मा पुसून शीर्षकपान पुन्हा वाचलं: 'बडोदें, शके १८३२, संवत १९६६'. म्हणजे १९१०. स्कॅनिंग करणाऱ्या मुलाने तारखेच्या चौकटीत समोर दिसलेला पहिला आकडा टाकला होता. त्याला काय बोलणार? त्या चौकटीत काय लिहायचं, हे आम्हीच कुठे ठरवलं होतं? वस्तूविषयीची अशी माहिती (नाव, लेखक, वर्ष) म्हणजे मेटाडेटा, आणि ती कोणत्या चौकटींत भरायची हे सांगतं ते मानक.

सॉफ्टवेअर आधी, मानक मागाहून

बहुतेक ठिकाणी असंच होतं. डीस्पेस (डिजिटल संग्रह सांभाळणारं सॉफ्टवेअर) बसवलं की सोबत डब्लिन कोर हे मानक येतं, कोहा (ग्रंथालयाचं सॉफ्टवेअर) असेल तर मार्क २१, म्हणजे ग्रंथालयांतल्या नोंदींचं मानक. मग 'तुमचं मानक कोणतं?' याला उत्तर एकच, स्क्रीनवर आलं ते. डब्लिन कोर वाईट मुळीच नाही. १९९५ मध्ये अमेरिकेच्या ओहायो राज्यातल्या डब्लिन गावी त्याची सुरुवात झाली (आयर्लंडशी काही संबंध नाही), मूळ घटक १५ आणि नवा माणूस दोन दिवसांत शिकतो. पण आधी कपाटं उघडून बघा. आमच्याकडे चार तऱ्हेचा ऐवज निघाला: छापील पुस्तकं, मासिकांचे अंक, गणेशोत्सवाचे आणि नाटकांचे फोटो, आणि एका संस्थानी कारकुनाच्या घरून आलेली मोडी पत्रांची पेटी.

पुस्तकांच्या नोंदी मार्कमध्ये असतील तर त्या टाकून देऊ नका. त्यातून मॉड्स (नोंदींचं आणखी एक मानक) काढता येतो. तो मार्कमधूनच घडलेला आहे, फक्त आकड्यांऐवजी वाचता येतील अशी नावं आहेत. पेटीचं गणित वेगळं. प्रत्येक पत्राची सुटी नोंद करायला बसलात तर वर्षं जातील, आणि कोणतं पत्र कोणत्या पुडक्यात, कशाखाली होतं तो धागाही तुटेल. पेटी, पेटीतलं पुडकं, पुडक्यातलं पत्र ही उतरंड ईएडीमध्ये मांडता येते, ते मानक दप्तरखान्यांसाठीच केलेलं आहे. फोटोंसाठी व्हीआरए कोर (चित्रं-फोटोंसाठीचं मानक) घ्या असं कोणीतरी सांगेलच. माझं मत, दोन-तीनशे फोटोंसाठी एवढा थाट नको, डब्लिन कोर पुरतो.

याच्या उलट हौसही पाहिली आहे. माणसं दोन, त्यातला एक अर्धवेळ, आणि आराखड्यात मॉड्स, मेट्स (फाइलींची बांधणी नोंदवणारं मानक), प्रीमिस (जतनाच्या नोंदींचं मानक) सगळं. सहा महिन्यांनी निम्मी फील्डं रिकामी.

पंधरा चौकटींत भाषांतरकार हरवतो

बडोद्याच्या जुन्या मराठी पुस्तकांत भाषांतरं मुबलक. साध्या डब्लिन कोरमध्ये लेखक 'क्रिएटर' आणि उरलेले सगळे 'कॉन्ट्रिब्युटर': भाषांतरकार, संपादक, प्रस्तावना लिहिणारा, चित्रकार, सगळे एका पंगतीत. मागे एक बाई आल्या. "माझ्या पणजोबांनी भाषांतरं केली होती, तेवढीच काढून द्या ना." नाव टाकलं, अकरा नोंदी आल्या. कुठे ते भाषांतरकार आणि कुठे नुसते प्रस्तावनाकार, काही कळेना. शेवटी अकराही पुस्तकं एकेक उघडून बघितली. मॉड्समध्ये नावाच्या आतच भूमिका लिहिता येते, मार्कमध्ये तिच्यासाठी ठरलेले संकेत आहेत, आणि डीस्पेसमध्येही कॉन्ट्रिब्युटरला शेपूट जोडून भाषांतरकाराचं वेगळं फील्ड करता येतं. ते पहिल्याच दिवशी करा.

इथे एक युक्तिवाद नेहमी ऐकू येतो. दुसऱ्या संग्रहांना ओएआय-पीएमएच (संग्रहांनी एकमेकांच्या नोंदी गोळा करण्याची ठरलेली पद्धत) मार्गे नोंदी द्यायच्या तर साधा डब्लिन कोर द्यावाच लागतो, मग मुळात तोच का भरू नये? कारण बारकाव्याच्या नोंदीतून साधी नोंद आपोआप निघते. साध्या नोंदीतून भाषांतरकार परत काढायचा तर पुन्हा अकरा पुस्तकं उघडावी लागतात.

तारखा

स्कॅन केल्याची तारीख प्रकाशनवर्षाच्या जागी जाणं ही सगळीकडची चूक. अख्खा संग्रह एकाच वर्षी छापल्यासारखा दिसतो. डीस्पेस नोंद दाखल झाल्याची तारीख स्वतःच वेगळी ठेवतं, 'इश्यूड' हे फील्ड मूळ प्रकाशनासाठी राखा.

शक-संवताचं मात्र नीट समजून घ्या. शकात ७८ मिळवले की इसवी सन, पण जानेवारीपासून चैत्र लागेपर्यंत ७९. गुजरातेत संवत कार्तिकात बदलतो, म्हणून ५६ वजा करायचे, कार्तिकापासून डिसेंबरअखेर ५७. आमच्या पुस्तकावर दोन्ही आकडे होते म्हणून १९१० पक्कं झालं. नुसतं शके १८३२ असतं तर १९१० किंवा १९११, आणि तसंच लिहावं लागलं असतं. यासाठी दोन फील्डं ठेवा: एकात पानावर छापलंय ते जसंच्या तसं, दुसऱ्यात शोधासाठी इसवी सन. मार्कमध्ये ही सोय पहिल्यापासून आहे, छापील मजकूर २६४ क्रमांकाच्या फील्डात (जुन्या नोंदींत २६०) आणि संकेतातलं वर्ष ००८ मध्ये.

चौकट मिळाली, मजकुराचं काय?

मानक फक्त चौकट देतं. आत 'बडोदें' लिहायचं की 'बडोदा', 'वडोदरा' की इंग्रजी पुस्तकावरचं 'बरोडा', हे तुमचं तुम्हाला ठरवावं लागतं. महाराजांचं नाव आमच्याकडे सहा प्रकारे होतं, 'गायकवाड' आणि 'गायकवार' धरून. एक रूप पक्कं करा, उदाहरणार्थ 'गायकवाड, सयाजीराव, तिसरे, १८६३–१९३९', आणि बाकीची रूपं त्याच्याकडे वळवा. चार पानांची नियमवही पुरे, पण लिहिलेली हवी.

भाषेच्या फील्डात 'मोडी' लिहू नका. मोडी ही लिपी, भाषा मराठी. लिपीचा उल्लेख वेगळा करा, नाहीतर मराठी निवडणाऱ्याला ती पेटी दिसणारच नाही.

याच शहरात १९१० मध्ये विल्यम बॉर्डन अमेरिकेतून ग्रंथालयखातं उभारायला आले, तेव्हा त्यांनी ड्युई आणि कटर या पुस्तकांच्या वर्गीकरणाच्या दोन्ही पद्धतींतून वेचून बडोद्यापुरतं वर्गीकरण केलं. मानकाचं असंच करायला हरकत नाही: घटक त्यांचे, नियम तुमचे. फक्त जुन्या घटकाला मनाने नवा अर्थ देऊ नका. कमी पडलं तर नवं फील्ड जोडा.

चूक होऊन गेली असेल तर

डीस्पेसमधून नोंदी सीएसव्हीत (साध्या तक्त्याच्या फाइलीत) काढा आणि मूळ फाइलची प्रत आधी बाजूला ठेवा. फाइल एक्सेलमध्ये उघडून तशीच जतन केलीत तर देवनागरीची प्रश्नचिन्हं होऊ शकतात. लिब्रेऑफिसमध्ये यूटीएफ-८ (देवनागरीही सांभाळणारी अक्षरसाठवणीची पद्धत) निवडून उघडा. एकाच फील्डातली दोन नावं दोन उभ्या रेघांनी वेगळी केलेली असतात, त्या रेघा पुसू नका. नावांची सहा रूपं शोधायला ओपनरिफाइन हे नोंदी साफ करायचं सॉफ्टवेअर उत्तम. जवळजवळ सारखी नावं ते स्वतःच गटात आणून ठेवतं.

एक गोष्ट मात्र त्यालाही कधी कधी चकवते. 'कऱ्हाडे'मधला ऱ्ह दोन तऱ्हांनी टाइप होतो: एक नुक्त्याच्या ऱ पासून, दुसरा साध्या र ला न दिसणारा जोडक लावून. पडद्यावर दोन्ही सारखेच, शोधयंत्राला दोन वेगळे शब्द. म्हणून काम सुरू करण्याआधी अडेलतट्टू अशा वीस वस्तू मुद्दाम निवडा (शके-संवताचं एक पुस्तक, एक भाषांतर, मागे काहीच न लिहिलेला फोटो, एक मोडी पत्र, एखादे कऱ्हाडे) आणि ठरवलेल्या मानकात त्या भरून, दुसऱ्या कोणाला तरी शोधायला बसवा. आमच्याकडे ते काम आता दांडिया बाजारातले आजोबा करतात. पहिल्याच दिवशी त्यांनी तीन चुका काढल्या.