पडलेल्या वावरात रान कसं उभं राहू द्यावं

वावर पडून राहिलं आणि तिथे झाडी हवी असेल, तर पहिल्या जूनमध्ये खड्डे खोदून रोपं आणायची घाई करू नका. एक पावसाळा नुसतं पाहा. खानदेशात सातपुड्याच्या पायथ्याला, शिरपूर-चोपडा-यावलच्या वरच्या अंगाला आणि साक्री-नवापूरच्या मुरमाड उतारांवर जुन्या रानाची मुळं अजून जमिनीत असतात. विकतच्या रोपापेक्षा त्यांचा फुटवा कितीतरी जोमाने वाढतो.

आधी मोजा

भाद्रपदात, पानं भरलेली असताना, दोरी आणि चार खुंट्या घेऊन ३३ फूट बाय ३३ फुटांचा चौकोन आखा. तो झाला एक गुंठा. एकरात असे निदान चार चौकोन, वेगवेगळ्या जागी. आत पळस, साग, निंब, हिवर, खैर, धावडा, टेंभुर्णी यांचे किती फुटवे आहेत ते मोजा. बकऱ्यांनी कुरतडलेले बुडखेही धरा. साल नखाने खरवडली आणि आत हिरवी निघाली, तर तो जिवंत आहे. गुडघ्याएवढ्या पळसाच्या बुडाशी चार बोटं माती उकरून पाहा, खाली मनगटाएवढं मूळ लागतं. वर्षानुवर्षं वरून तुटत राहिलं, तरी खाली साठा करत बसलेलं.

गुंठ्याला सहा-सात फुटवे, म्हणजे एकरी अडीचशेच्या आसपास मिळाले, तर लागवडीवर पैसा घालवू नका. दोनच मिळाले आणि बियांचं मोठं झाड दोन-तीन वावरं पलीकडे असेल, तर बी टोकावं लागेल. ट्रॅक्टरची खोल नांगरट वर्षानुवर्षं झालेल्या तापीकाठच्या काळ्या जमिनीत बहुधा हेच होतं. तिथे मुळं उरलेली नसतात.

मग चराई थांबवा

बाकी काही जमलं नाही तरी एवढं कराच. मुरमाड जमिनीत भोवतीने चर खणा: वर ४ फूट रुंद, तळाला २ फूट, खोली ४ फूट. माती आतल्या बाजूला टाकून तिच्यावर घायपात लावा. काळ्या मातीत असा चर पहिल्याच पावसाळ्यात ढासळतो, तिथे काटेरी फांद्यांचं कुंपण बरं. फांद्या वेडी बाभळीच्या वापरा, पण शेंगा झडून. त्या शेंगा जनावरांनी खाल्ल्या की शेणातून बी सगळीकडे रुजतं.

नुसती बंदी टिकत नाही, गावाला गवत द्यावं लागतं. दिवाळीनंतर ज्याला हवं त्याने विळ्याने कापून न्यावं, जनावर मात्र आत सोडायचं नाही. ज्याला चारा मिळतो, तोच राखण करतो. साक्री तालुक्यातल्या बारीपाड्याने कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी पाळून शेकडो एकर रान राखलं. ते काम उभं करणाऱ्या चैत्राम पवारांना २०२५ साली पद्मश्री जाहीर झाली.

आग

जानेवारी संपायच्या आत हद्दीने १२ ते १५ फूट रुंद पट्टा साफ करा, गवत कापून बाहेर न्या. पुढे मोहफुलं वेचायला पाचोळा जाळतात, वावरांत कापसाची पऱ्हाटी पेटवतात, आणि वारा असतोच. आग दरवर्षी लागते की नाही, हे गवत सांगतं. कुसळी गवताचं बी ओल लागली की पीळ उलगडत जमिनीत शिरतं आणि आगीतून वाचतं. सगळीकडे कुसळीच माजली असेल, तर आग आणि चराई दोन्ही चालू आहेत असं धरा. राखलेल्या वावरात हळूहळू पवना आणि मारवेल ही चाऱ्याची गवतं वाढतात.

काय तोडायचं, काय नाही

इथे सगळ्यात जास्त चुका होतात. साफसफाई म्हणून लोक आधी बोरी, हेंकळ आणि तरवड ही झुडपं तोडतात. बोरीच्या जाळीत वाकून बघा: बुलबुल-साळुंकीच्या विष्ठेतून पडलेल्या निंबोळीचं रोप तिथे सावलीत, काट्यांच्या आड सुरक्षित उभं असतं. उघड्यावरचं तेच रोप बकरीने कधीच संपवलेलं असतं. जाळी तोडली की ते रोपही गेलं. पहिल्या वर्षी उगवणारा तरोटाही राहू द्या, तो गाजर गवताला दाबतो.

काढायची ती घाणेरी आणि वेडी बाभूळ. घाणेरी वरून छाटली की दुप्पट फुटते. पहिल्या पावसानंतर माती मऊ झाली की खोड-मुळाच्या जोडाखाली इंच-दोन इंचावर कुदळीने मूळ तोडा आणि झुडूप उलटं करून ठेवा. वेडी बाभळीचा बुडखा फूटभर खोल खणूनच काढावा लागतो.

सागाच्या खुंटाला आठ-दहा फुटवे येतात. दुसऱ्या वर्षी, पावसाळ्याआधी, सगळ्यात सरळ आणि जमिनीलगतचा एक ठेवून बाकीचे तिरक्या कापाने काढा. पळसाला निदान तीन वर्षं हात लावू नका.

बी टोकायचं असेल तर

मुरमाड उतारावर अंजन, खैर, बहावा. काळ्या जमिनीत बाभूळ, हिवर, निंब. निंबोळी आणि मोहाचं बी ताजंच टोका, पंधरा-वीस दिवसांत उगवणशक्ती घसरते. बहाव्याचं बी उकळून खाली उतरवलेल्या पाण्यात रात्रभर ठेवा, नाहीतर ते वर्षभर तसंच पडून राहतं. बोरीच्या जाळीच्या कडेला, बियाच्या जाडीच्या दुप्पट खोल, एका जागी तीन बिया. मोईच्या झाडाच्या मनगटाएवढ्या फांद्या मात्र जूनच्या तोंडावर थेट रोवल्या तरी धरतात.

एक कागदाची गोष्ट. साग, मोह, खैर, अंजन, तिवस, ऐन ही महाराष्ट्राच्या १९६४ च्या वृक्षतोड कायद्यातली अनुसूचित झाडं आहेत. स्वतःच्या वावरात आपोआप उगवली, तरी ती तोडायला परवानगी लागते. पुढे कधी नांगर घालायचा विचार असेल, तर हे आधीच ध्यानात घ्या.

मोजणी दर भाद्रपदात त्याच खुंट्यांमध्ये करा आणि आकडे वहीत लिहा. अंजनाच्या बाबतीत घाई नको. पहिली काही वर्षं त्याचा शेंडा उन्हाळ्यात वाळतो, मूळ मात्र खाली जात राहतं. वैशाखात वाळलेली काडी दिसली म्हणून उपटू नका, श्रावणात बुडाशी कोवळं जोडपान आलं का ते बघा.