जुन्या धाटणीचे शेतघर बांधताना

पुण्याजवळ मुळशी किंवा भोरकडे शेतघर बांधायचे असेल, तर आधी जोत्याचा विचार करावा. काळ्या घडीव दगडाचे २ ते २.५ फूट उंच जोते भिंतीत चढणारी ओल बरीच रोखते. नैर्ऋत्येकडून येणारा पाऊस भिंतींना झोडपतो, म्हणून त्या बाजूला खोल पडवी ठेवावी आणि कौलारू छपराच्या वळचणी चांगल्या ३ फूट पुढे काढाव्यात. मातीच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा मात्र करू नये: आत अडकलेल्या ओलीला वाट मिळत नाही, भिंत हाताला गार लागू लागते आणि काही पावसाळ्यांत गिलाव्याचे पोपडे सुटतात. त्याऐवजी चुन्याचा गिलावा करावा. ओसरीला शेणाच्या सारवणाचा हट्ट धरणाऱ्यांनी ती दर आठवड्याला कोण सारवणार, हेही आधीच ठरवावे.