कारच्या एसीचा कॉम्प्रेसर दर काही सेकंदांनी चालू-बंद: माझा अनुभव

थंड हवा जेमतेम दहा सेकंद, मग कोमट. बॉनेटखाली कॉम्प्रेसरच्या क्लचची (कॉम्प्रेसरला इंजिनशी जोडणाऱ्या-सोडणाऱ्या भागाची) टकटक चालूच. केबिन फिल्टर बदलला, कंडेन्सर धुतला, रिले बदलून पाहिला, फरक शून्य. दोन आठवडे अक्षरशः वैताग आला होता.

शेवटी एसीच्या गॅसचा दाब मोजणारा गेज लावला. कॉम्प्रेसर सुरू होताच लो साइडचा (कमी दाबाच्या बाजूचा) दाब २० पीएसआयच्या (दाबाचं एकक) खाली जायचा, म्हणजे गॅस कमी. (इंजिन बंद असतानाच्या दाबावरून हे कळत नाही.)

आधी बॉनेटखालच्या स्टिकरवर गॅसचा प्रकार पाहिला: आर-१३४ए. नव्या गाड्यांत आर-१२३४वायएफ असतो, तो वेगळा. हातमोजे, चष्मा घातला. इंजिन सुरू, एसी कमाल थंडीवर, पंखा पूर्ण, रीसर्क्युलेशन चालू. गॅसच्या कॅनच्या नळीतली हवा काढून ती जाड पाइपवरच्या लो साइड पोर्टला जोडली. हाय साइडला (जास्त दाबाच्या बाजूला) कॅन कधीच जोडू नका, फुटू शकतो. कॅन उभाच धरून थोडा गॅस सोडायचा, थांबायचं, दाब वाचायचा. ३५ पीएसआयला टकटक थांबली. मीही तिथेच थांबलो, कारण जास्त गॅसनेही थंडावा घटतो. नंतर सांध्यांवर साबणाचं पाणी लावलं. लो साइडच्या व्हॉल्व्हवर बुडबुडे आले, म्हणजे गळती तिथे होती.