उशी, टाचण्या आणि चौदा बॉबिनी

लेस म्हटलं की आपल्याकडे लगेच क्रोशाची सुई डोळ्यांपुढे येते. बॉबिन लेसमध्ये सुई नसतेच. घट्ट भरलेल्या उशीवर भोकं पाडलेला नमुना लावायचा, त्या भोकांत टाचण्या टोचत जायचं आणि लांबट लाकडी बॉबिनींवर गुंडाळलेले दोरे एकमेकांवरून टाकत त्या टाचण्यांभोवती विणायचे. आंध्रातल्या नरसापूरची लेस प्रसिद्ध आहे, पण ती क्रोशाची. ही वेगळी. दक्षिणेत नागरकोइलला मात्र एकोणिसाव्या शतकात लंडन मिशनरी सोसायटीच्या मार्था मॉल्ट यांनी मुलींच्या शाळेत हीच उशीवरची लेस शिकवायला सुरुवात केली होती.

मी माहेरची सांगलीची, आता इंग्लंडात मिल्टन कीन्सला असते. बकिंगहॅमशर, बेडफर्डशर, नॉर्थॅम्प्टनशर हा सगळा पट्टा हाताच्या लेसचा. ऑल्नी गावातल्या काऊपर अँड न्यूटन संग्रहालयात इथली जुनी लेस आणि बॉबिनी बघायला मिळतात. आमचा लेसचा गट चर्चच्या हॉलमध्ये बसतो. बहुतेक जणी सत्तरीच्या पुढच्या, एक निवृत्त रेल्वेवाले आजोबा, आणि चिवडा नेणारी मी. "ही कला टिकवायची कशी?" असं मला भारतातून बरेच जण विचारतात. आधी एक वीतभर पट्टी विणून बघा, मग बोलू. साहित्य सगळं आपल्याकडे मिळतं.

उशीपासून सुरुवात करू. ती इतकी कडक हवी की टोचलेली टाचणी ओढीनं वाकली नाही पाहिजे. जुनी पद्धत पेंढ्याची: पेंढा बारीक कापून जाड कापडाच्या पिशवीत थोडा थोडा भरायचा आणि लाकडी बत्त्यानं ठोकत जायचं. आणखी मावणारच नाही असं वाटलं की अजून दोन मुठी कोंबायच्या. वखारीतला लाकडाचा भुसाही चालतो. नाहीतर फ्रिजच्या खोक्यातला जाड, घट्ट दाण्याचा थर्माकोल वापरा. नवा विकत घेऊ नका, घरात पडलेलाच घ्या. ताटाएवढा गोल कापून कडा उतरत्या करा, वर गडद निळं सुती कापड ताणून बसवा. गडद अशासाठी की पांढरा दोरा नीट दिसतो आणि डोळे कमी दुखतात.

बॉबिनी कातारी करून देतो. पोळपाट-लाटणी करणारा कोणीही जुना कातारी गाठा किंवा सावंतवाडीला लाकडी खेळणी करणाऱ्यांकडे नमुना घेऊन जा. साधारण दहा सेंटीमीटर लांब, पेन्सिलीपेक्षा बारीक, वरच्या टोकाला दोरा गुंडाळायला मान आणि तिच्यावर छोटं डोकं. इथल्या बॉबिनीच्या खालच्या टोकाला तारेत ओवलेल्या काचेच्या मण्यांचं कडं असतं. त्याच्या वजनानं दोरा ताणून राहतो आणि बॉबिन उशीवर गडगडत नाही. माझ्या काही बॉबिनींना मंगळसूत्राचे उरलेले काळे मणी आहेत, गटातल्या बायकांना त्याचं भारी कौतुक. डेव्हनमधल्या हॉनिटन लेसच्या बॉबिनी मात्र मण्यांशिवायच्या आणि टोकदार, कारण तिथे बॉबिन विणलेल्या भागातल्या फटीतून ओढून काढावी लागते.

जुन्या हाडाच्या बॉबिनींवर ठिपक्याठिपक्यांनी नावं कोरलेली असतात, प्रियकराची, बाळाची. आणि फाशी गेलेल्यांचीही! १८६८ साली बेडफर्डला विल्यम वर्सली याला जाहीर फाशी दिली, त्याच्या नावाच्या बॉबिनी निघाल्या. लोक बघ्यांच्या गर्दीतून आठवण म्हणून काय घरी नेतील, सांगता येत नाही.

दोरा पर्ल कॉटन पाच नंबरचा घ्या, दोन रंगांत. टाचण्या गंज न चढणाऱ्या: कचेरीतली स्वस्त टाचणी मिठाच्या पाण्यात रात्रभर ठेवून बघा, तांबूस डाग पडला तर ती लेसला लावू नका, तो डाग निघत नाही.

आता पट्टी. पाच मिलिमीटर चौकोनांचा आलेखाचा कागद जाड पुठ्ठ्यावर चिकटवा. डावीकडे प्रत्येक आडव्या रेषेवर एक ठिपका. तीन चौकोन सोडून उजवीकडे तसेच ठिपके, पण अर्धा चौकोन खाली सरकवून, म्हणजे डावे-उजवे ठिपके नागमोडी येतील. प्रत्येक ठिपक्याला सुईनं आधीच भोक पाडा. यालाच प्रिकिंग म्हणतात. हे चुकलं की लेस चुकली, तेव्हा घाई नको.

एका दोऱ्याची दोन टोकं दोन बॉबिनींवर गुंडाळली की एक जोडी झाली. भरून झाल्यावर बोटावर दोऱ्याचा फास करून तो बॉबिनीच्या मानेत अडकवा. फासामुळे दोरा आपोआप सुटत नाही आणि बॉबिन हातात फिरवली की हवा तेवढा मिळतो. अशा सात जोड्या करा. सहा एका रंगाच्या, त्या उभ्या लटकतील. सातवी दुसऱ्या रंगाची, ती कामकरी. रंग वेगळा ठेवल्यामुळे कोण कुठे चाललंय ते दिसतं. सगळ्या जोड्या वरच्या टाचण्यांवर अडकवा, कामकरी सर्वांत डावीकडे.

हालचाली दोनच. चार बॉबिनी समोर धरा, डावीकडून एक, दोन, तीन, चार. दोन नंबरची तीनवरून उजवीकडे टाकली की क्रॉस. मग दोनची एकवरून आणि चारची तीनवरून डावीकडे टाकली की ट्विस्ट. आकडे बॉबिनींचे नाहीत, जागांचे आहेत. दर वेळी नव्यानं मोजायचं. क्रॉस, ट्विस्ट, क्रॉस केलं की कापडाची वीण, क्रॉस-ट्विस्टवर थांबलं तर अर्धी वीण. ज्या लेसवर हल्ली बहुतेक जण शिकतात त्या टॉर्शनची जाळी म्हणजे अर्धी वीण, टाचणी, पुन्हा अर्धी वीण. बस्स, एवढंच व्याकरण आहे. राजघराण्यांच्या कॉलरी याच दोन हालचालींतून निघाल्या.

कामकरी जोडी पहिल्या उभ्या जोडीबरोबर क्रॉस, ट्विस्ट, क्रॉस करते. ती जोडी मागे राहिली, कामकरी पुढे सरकली. असं सहाही जोड्यांमधून उजव्या काठापर्यंत जा. काठाला कामकरी जोडीला दोन वेळा ट्विस्ट द्या आणि तिच्या व शेवटच्या उभ्या जोडीच्या मधल्या भोकात टाचणी टोचा, किंचित बाहेर कललेली. आता कामकरी जोडी हळूच ओढा, उभे दोरे एकेक करून सरळ खाली ताणा, आणि परत डावीकडे निघा. काठ वेडावाकडा येत असेल तर बहुतेक वेळा टाचणी लावल्यावर ओढायचं राहिलेलं असतं. मागच्या टाचण्या लगेच काढू नका, तीन-चार सेंटीमीटर विणलेलं टाचण्यांत राहू द्या, नाहीतर सगळं आकसतं. शेवटी जोडी-जोडीची गाठ मारून कापा.

वीतभर झालं की दुसरी पट्टी अर्ध्या विणीची करा, मग टॉर्शनची जाळी. फुलपाखरू आणि मोर इतक्यात नको, नवशिके तिथेच कंटाळून सोडतात. जाळीसाठी दोरा जाड की बारीक ते ठरवायला इथल्या बायका साधी युक्ती करतात: काठाच्या दोन लगतच्या टाचण्यांमध्ये जेवढं अंतर, तेवढ्या रुंदीत मोजपट्टीवर दोरा शेजारी शेजारी गुंडाळायचा. बारा वेढे बसले की दोरा योग्य, एक-दोन इकडेतिकडे चालतात.

टिकवण्याचं म्हणाल तर पहिली गोष्ट, उशी बैठकीच्या खोलीत उघडी ठेवा, वर नुसता रुमाल टाकून. कपाटात गेलेली उशी परत बाहेर येत नाही. येणारा-जाणारा विचारतो, त्याच्या हातात चार बॉबिनी द्या. मुलांना तर दोन जोड्यांची क्रॉस-ट्विस्टची वेणी लगेच जमते. मी इथल्या मराठी मंडळात राखीपौर्णिमेआधी त्याच वेणीच्या राख्या करून घेते. मुलगे जास्त रमतात, बॉबिनींचा खुळखुळाट असतो ना. स्लोव्हेनियात इद्रिया गावी १८७६ पासून लेसची शाळा चालू आहे, आजही तिथे मुलं शिकतात, आणि २०१८ साली युनेस्कोनं स्लोव्हेनियाच्या बॉबिन लेसला वारसा यादीत घेतलं. मला त्यातलं यादीपेक्षा शाळेचं महत्त्व जास्त वाटतं.

यावर पोट भरेल असं मात्र कुणाला सांगू नका. १८०९ साली जॉन हीथकोटनं जाळी विणणाऱ्या यंत्राचं पेटंट घेतलं आणि त्यानंतर यंत्राची लेस स्वस्त होतच गेली. त्याआधीही विणणारी श्रीमंत नव्हती: इथल्या लेसशाळांत पाच-सहा वर्षांची पोरं बसवलेली असत, टाचण्या मोजायची गाणी म्हणत, आणि संध्याकाळी पाण्यानं भरलेल्या काचेच्या गोळ्यातून एका मेणबत्तीचा उजेड अनेक उशांवर पाडत. त्या काळाचे गोडवे गायला मला जमत नाही. नवशिक्याला तासाला इंच-दोन इंच होते. विकायची असेल तर त्या तासांचे पैसे लावा, नाहीतर भेट द्या. "जरा कमी करा" म्हणणाऱ्याला यंत्राची लेस दाखवावी. फरक भिंगातून कळतो: हातची कापडाची वीण खऱ्या कापडासारखी दोरा वर, दोरा खाली जाते.

जुन्या बॉबिनी लिलावात मिळाल्या तर फ्रेममध्ये लावू नका, दोरा भरून वापरा. अगदीच चिरलेली असेल तरच बाजूला ठेवा. जुना नमुना मिळाला तर आधी त्याची प्रत काढा आणि प्रतीवर विणा. आणि स्वतःच्या प्रत्येक नमुन्यामागे लिहून ठेवा: कोणता दोरा, किती जोड्या, कुठून सुरुवात. आमच्या गटातल्या बाई गेल्या की घरच्यांकडून खोकी येतात, त्यांत सुंदर प्रिकिंग असतात, पण जोड्या किती ते कुठेच नसतं. मग दोन जणी महिनाभर तेच शोधत बसतात. शक्य तर विणलेला बोटभर तुकडाही त्याच पाकिटात टाका. खोकं कुणाला द्यायचं ते झाकणावर लिहा, आणि त्या व्यक्तीला आधी सांगून ठेवा.