रंगवलेल्या कापडावर शिवताना धागा पिंजून तुटतो? माझा अनुभव

भिंतीवर लावायची गोधडी करत होते. खाली सुती अस्तर, मध्ये पातळ वॅडिंग (भरावाचा मऊ थर), वर अॅक्रिलिकने रंगवलेले कापड, त्यावर फ्यूजिंग वेबने (इस्त्रीने वितळून चिकटणारी गोंदाची जाळी) चिकटवलेले जुन्या साडीचे तुकडे आणि ऑर्गंझा (पातळ, पारदर्शक कापड). साध्या भागावर मशीन सुरळीत चाले. रंग-गोंदावर आले की टाके सुटत, वरचा धागा पिंजून तुटे.

धागा बदलला, तेल घातले, बॉबिन पुन्हा भरली, ताण घट्ट केला. ताणाने तर आणखीच बिघडले. जाम वैतागले.

शेवटी जमले ते या क्रमाने. रंग पूर्ण वाळू दिला. बेकिंग पेपर ठेवून मध्यम इस्त्री दाबली (पॉलिएस्टरचा ऑर्गंझा जास्त उष्णतेने आक्रसतो) आणि सगळे गार होऊ दिले, कारण कोमट गोंद सुईला चिकटतो. मग ७५/११ ची बारीक सुई काढून ९०/१४ ची जाड टॉपस्टिच सुई लावली. खरा फरक इथे पडला: तिचे नेढे मोठे, खाच खोल, त्यामुळे धागा कमी घासतो. वरचा ताण ४ वरून ३ वर आणला. कापड हाताने फिरवता यावे म्हणून ते पुढे सरकवणारे खालचे दाते उतरवले, डार्निंग फूट (कापड मोकळे फिरू देणारा दाबपाय) लावला, फूटची दांडी खाली केली. ती वर राहिली तर खाली धाग्यांचा गुंता होतो. बॉबिनचा धागा वर ओढून दोन्ही टोके धरून सुरुवात केली. वेग मध्यम, हात सावकाश. सुई चिकट झाली की मशीन बंद करून स्पिरिटच्या बोळ्याने पुसायची.

रंगवलेल्या कापडावरची भोके बुजत नाहीत, म्हणून आधी याच थरांच्या चिंधीवर शिवून पाहा.