मॅच जिंकण्याआधी मॅच मिळवणं: व्यावसायिक टेनिसच्या तळाचा अनुभव

ज्युनिअर टेनिस संपवून व्यावसायिक स्पर्धांकडे वळणाऱ्या मुलामुलींना एक गोष्ट सहसा कुणी नीट सांगत नाही. मॅच जिंकणं ही नंतरची गोष्ट, आधी मॅच मिळावी लागते. क्रमवारीत हजाराच्या आसपास असलेल्या, किंवा क्रमवारीच नसलेल्या खेळाडूचा अर्धा जीव एन्ट्री लिस्टमध्ये, म्हणजे स्पर्धेसाठी नाव घातलेल्यांच्या यादीत, अडकलेला असतो. मी या पातळीवर बरीच वर्षं खेळलो, नंतर नव्या पोरांचे कार्यक्रम आखायला मदत केली. माझं ठाम मत आहे की ड्रॉमध्ये, म्हणजे प्रत्यक्ष खेळणाऱ्यांच्या यादीत, शिरणं हे बॅकहँडसारखंच शिकायचं काम आहे, आणि ते प्रशिक्षकावर सोडून देऊ नये.

तळाची रचना अशी. आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाच्या म्हणजे आयटीएफच्या वर्ल्ड टेनिस टूरवर पुरुषांसाठी एम१५ आणि एम२५ स्पर्धा असतात, महिलांसाठी डब्ल्यू१५ पासून डब्ल्यू१०० पर्यंत; आकडा मोठा तितकी स्पर्धा वरची. पुरुषांमध्ये त्याच्या वर चॅलेंजर आणि मग एटीपीची, म्हणजे पुरुष व्यावसायिकांच्या संघटनेची, टूर. सुरुवातीला 'आयपिन' हा खेळाडू क्रमांक काढून घ्यायचा, त्याशिवाय एन्ट्रीच भरता येत नाही. वय किमान १४ हवं. मुलींच्या बाबतीत १८ पूर्ण होईपर्यंत वर्षाला किती व्यावसायिक स्पर्धा खेळता येतील यावर वयानुसार मर्यादा आहे. ती संख्या वर्षाच्या सुरुवातीलाच पाहून ठेवा, नाहीतर चांगल्या फॉर्मच्या महिन्यात कोटा संपलेला असतो.

एन्ट्रीची मुदत स्पर्धेच्या सोमवारच्या १८ दिवस आधी, म्हणजे गुरुवारी संपते. वेळ ग्रीनिच घड्याळाप्रमाणे दुपारी दोन. नाव मागे घ्यायची मुदत १३ दिवस आधीचा मंगळवार. या दोन तारखांच्या मधल्या दिवसांत यादी जी हलते ती बघण्यासारखी असते. एकाच आठवड्यासाठी एकापेक्षा जास्त स्पर्धांत पसंतीक्रम देऊन नाव घालता येतं, त्यामुळे गुरुवारी दिसणारी यादी फुगलेली असते. बरेच जण चार ठिकाणी नाव टाकून बसलेले असतात आणि मंगळवारनंतर एकाच ठिकाणी उरतात. 'ऑल्टरनेट ३०', म्हणजे बदली यादीत तिसावा, असं दिसलं म्हणून नवखा मुलगा खचतो. पण यादी वाचायला शिकलेला खेळाडू वरच्या प्रत्येक नावाचं बघतो: हा दुसरीकडे आत आहे का, आदल्या आठवड्यात कुठे खेळतोय, जखमी तर नाही ना.

३२ च्या मेन ड्रॉमध्ये, म्हणजे मुख्य स्पर्धेत, साधारण चार जागा वाइल्ड कार्डच्या, म्हणजे यजमान स्वतः देतात त्या, आणि आठ पात्रता फेरीतून येणाऱ्यांच्या. उरलेल्या विसेक जागांतही ज्युनिअर क्रमवारीतल्या पहिल्या शंभरांसाठी काही राखीव. निवड आधी एटीपी किंवा महिलांच्या संघटनेच्या, म्हणजे डब्ल्यूटीएच्या, क्रमवारीवरून होते, मग आयटीएफच्या स्वतःच्या क्रमवारीवरून, आणि त्यानंतर इतर निकषांवर. म्हणजे शून्य गुणवाल्याने मेन ड्रॉचं स्वप्न बाजूला ठेवून पात्रता फेरीचा कट, म्हणजे आत जाणाऱ्या शेवटच्या खेळाडूचा क्रमांक, किती लागतो हे पाहावं. कट ठरतो तो मुख्यतः त्या आठवड्यात जगभर किती स्पर्धा आहेत यावर. सलग आठवडे स्पर्धा असलेलं, चांगल्या कोर्टांचं, सहज पोचता येणारं ठिकाण सगळ्यांनाच हवं असतं आणि तिथला कट चढतो. आडवळणाच्या गावी, दोन विमानं बदलून जायच्या जागी, तीच एम१५ असूनही दार उघडं असतं.

इतकं करून यादीत नाव लागलं नाही तर प्रत्यक्ष जाऊन साइन-इन, म्हणजे रेफरीकडे हजेरीची सही. पात्रता फेरीच्या आदल्या संध्याकाळी रेफरीच्या टेबलाभोवती रॅकेटच्या बॅगा घेऊन पोरं उभी असतात. कोणी काही बोलत नाही, पण प्रत्येकाची नजर दुसऱ्यावर असते. हा माझ्या वर आहे की खाली? वेळ संपायला पाच मिनिटं असताना एखादी टॅक्सी थांबते, तिघे उतरतात, आणि मघापर्यंत आत असलेला मुलगा मनातल्या मनात तीन जागा खाली जातो. रेफरी कागदावर रेघ मारतो आणि झालं. बाहेर राहिलात तर लगेच निघू नका. सकाळी पहिल्या मॅचच्या आधी ऑल्टरनेट म्हणून पुन्हा सही करा आणि वॉर्मअप करून, तारा ताणलेल्या रॅकेटा घेऊन तयार राहा. कुणाचं पोट बिघडतं, कुणाची फ्लाइट चुकते.

याचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण मोठ्या स्पर्धेतलं आहे. २०१८ च्या फ्रेंच ओपनच्या पात्रता फेरीत अर्जेंटिनाचा मार्को ट्रुंगेलिती हरला आणि बार्सिलोनाला परतला. मेन ड्रॉमधून माघारी सुरू झाल्या, निक किर्गिओसही बाहेर पडला, आणि लकी लूझर, म्हणजे पात्रता फेरीत हरूनही माघारीमुळे आत घेतला जाणारा खेळाडू, म्हणून जागा मोकळी असल्याचं ट्रुंगेलितीला कळलं. भाऊ, आई आणि नव्वदीकडे झुकलेल्या आजीला गाडीत घालून त्याने मध्यरात्रीच्या सुमाराला पॅरिस गाठलं, सकाळी सही केली आणि बर्नार्ड टॉमिकला हरवलं. लोकांना आजी लक्षात राहिली. मला मात्र ती सही महत्त्वाची वाटते, कारण यादीत त्याच्या वर असलेले पण तिथे हजर नसलेले खेळाडू त्या सकाळी हुकले होते.

आयटीएफच्या पात्रता फेरीचा खेळही वेगळा असतो. सेट एक-एक झाले की तिसरा सेट नाही, थेट १० गुणांचा टायब्रेक. ज्याची ताकद तिसऱ्या सेटच्या दमसासात आहे त्याचं इथे नुकसान होतं, म्हणून सरावात हे टायब्रेक मुद्दाम खेळा. बॉलबॉय नसतात, अंपायर प्रत्येक कोर्टावर असेलच असं नाही, आणि चेंडू आत की बाहेर यावरून वाद घालायची सवय नसलेली मुलं गडबडतात.

गुणांचं गणित कडक आहे. एम१५ मध्ये पहिल्या फेरीत हरलात तर एटीपी गुण शून्य, मग पात्रता फेरीच्या दोन-तीन मॅच जिंकून आला असलात तरी. एक फेरी जिंकलात की १ गुण, आणि पुरुषांना त्या एका गुणावर क्रमवारीत नाव मिळतं. पूर्ण स्पर्धा जिंकणाऱ्याला १५. महिलांचा नियम निराळा: तीन स्पर्धांत गुण हवेत किंवा एकूण किमान १० गुण, तोवर नाव नाही. आणि मिळालेला गुण ५२ आठवड्यांनी जातो. २०१९ मध्ये १५ हजार डॉलरच्या स्पर्धांमधून एटीपी गुणच काढून टाकले होते. इतका विरोध झाला की त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ते परत आणावे लागले.

वाइल्ड कार्डबद्दल फार बोलत नाही. ते यजमानांच्या हातात असतं, बहुधा त्यांच्याच खेळाडूंना जातं. आपल्या महासंघाला लेखी विनंती वेळेत पाठवा आणि विसरून जा.

आता पैसा. आयटीएफच्या २०१३ च्या आकडेवारीवरच्या आढाव्यात असं दिसलं की व्यावसायिक स्पर्धा खेळणाऱ्या सुमारे १४ हजार जणांपैकी जवळजवळ निम्म्यांना बक्षिसापोटी एक पैसाही मिळाला नव्हता. प्रशिक्षकाचा खर्च न धरताही पुरुषांत ३३६ व्या आणि महिलांत २५३ व्या क्रमांकाच्या आसपास जमाखर्च बरोबरीत येत होता. एम१५ च्या पहिल्या फेरीत हरणाऱ्याला जेमतेम दीडशे डॉलर मिळतात, त्यातून करही कापला जातो. एटीपीने 'बेसलाइन' नावाची किमान उत्पन्नाची हमी आणली, पण ती पहिल्या २५० जणांपुरती. त्याखाली स्वतःच्या रॅकेटांच्या तारा स्वतः ओढायला शिकणं आणि खोली वाटून घेणं हेच खरे उपाय. दुहेरी मात्र सोडू नका. जोडीची निवड दोघांच्या क्रमवारीच्या बेरजेवरून होते, त्यामुळे तुमच्याहून वरच्या क्रमांकाचा जोडीदार शोधलात तर एकेरीत न मिळणारा मेन ड्रॉ दुहेरीत मिळतो.

या पातळीच्या मॅचवरही सट्टा लागतो. हरलात की फोनवर अनोळखी लोकांच्या शिव्या येतात, क्वचित 'एक सेट सोड' असा निरोपही येतो. उत्तर देऊ नका, डिलीटही करू नका. आंतरराष्ट्रीय टेनिस इंटेग्रिटी एजन्सीला लगेच कळवा. विचारणा झाल्याचं न कळवणं हाही गुन्हा धरला जातो.

कॉलेज टेनिसचा रस्ता मी आजकाल बहुतेकांना सुचवतो. २०२३ पासून अमेरिकी कॉलेज खेळाडूंच्या क्रमवारीतल्या पहिल्या वीस मुलांना चॅलेंजर स्पर्धांच्या मेन ड्रॉमध्ये किंवा पात्रता फेरीत जागा मिळू लागल्या, आणि मग ज्युनिअर क्रमवारीतल्या पहिल्या विसांसाठीही तशीच सोय झाली. बाकीच्यांनी एकाच जागी सलग तीन आठवडे एम१५ किंवा डब्ल्यू१५ असतील असे पट्टे निवडावेत. पहिल्या आठवड्यात पात्रता फेरीत हरलात तरी कोर्ट ओळखीचं होतं आणि प्रवासखर्च तीन संधींवर वाटला जातो. परतीचं तिकीट तारीख बदलता येईल असंच काढा.