ज्वारीचे पेव कसे भरावे

१२९६ मध्ये अल्लाउद्दीन खिलजीने देवगिरीला वेढा घातला, तेव्हा धान्य समजून गडावर चढवलेली पोती मिठाची निघाली, असे इतिहासकार फेरिश्ता सांगतो. म्हणून साठवण्याआधी माल स्वतः पाहावा. मराठवाड्यात पेवासाठी, म्हणजे धान्य साठवण्याच्या जमिनीतल्या खड्ड्यासाठी, पाणी न साचणारी उंच, मुरमाड जागा निवडून, तोंड अरुंद व पोट रुंद ठेवून खड्डा खणावा आणि आत जाळ करून कोरडा करावा. तळाशी व कडेने कडब्याचा जाड थर देऊन, दाताखाली कट्कन फुटेल इतकी वाळलेली ज्वारी गळ्यापर्यंत भरावी, कारण पोकळीत हवा राहते आणि हवेवर कीड जगते. तोंड फरशी-मातीने बुजवावे. उघडताना घाई मात्र जिवावर बेतते: आत प्राणवायू उरलेला नसतो, म्हणून पेव बराच वेळ उघडे ठेवावे, दोरीने कंदील सोडून पाहावा आणि तो विझल्यास कोणालाही उतरू देऊ नये, एकट्याने तर कधीच नाही.